दिवेलागणीपूर्वीची शिदोरी

श्रवणबेळगोळच्या यात्रिनिवासात शनिवारी रात्री एका कुटुंबाचा दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम कागदावर उतरत होता. कुटुंब जयसिंगपूरजवळच्या एका गावातले. सत्तरी ओलांडलेल्या अक्का, त्यांचा मुलगा आणि सून, लेक आणि जावई, नववीत जाणारा नातू आणि सहा वर्षांची नात अशी सात माणसे भाड्याच्या गाडीने यात्रेला निघाली होती. मे महिन्याचा मध्य होता. त्या दिवशी पहाटेच्या गारव्यात सर्वांनी विंध्यगिरी चढून भगवान बाहुबलींचे दर्शन घेतले होते. सहाशेहून अधिक पायऱ्या अक्कांनी सावकाश, पण स्वतःच्या पायांनी चढल्या होत्या. चामुंडरायाने इ. स. ९८१ च्या सुमारास उभी केलेली ती सुमारे ५७ फुटांची मूर्ती आणि तिच्या पायाशी कोरलेली मराठी अक्षरे नातवाने दोन-दोनदा पाहिली होती. रविवारी आता म्हैसूर पाहायचे होते.

मुलाने लिहिलेला कार्यक्रम असा होता : सकाळी आठला निघणे, मग चामुंडीची टेकडी, दुपारचे जेवण, चारला राजवाडा आतून पाहणे, साडेपाचला बाजार, सातला राजवाड्याची रोषणाई आणि साडेआठला एखाद्या चांगल्या हॉटेलात जेवण. त्याने तो सर्वांना वाचून दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. अक्का म्हणाल्या, “छान झालंय की. संध्याकाळी मी खोलीवर थांबते. तुम्ही दिवे बघून या.”

कोणी काही बोलले नाही, कारण यात नवीन काहीच नव्हते. अक्कांना रात्रिभोजनाचा त्याग होता. विवाहापूर्वीच मुनिमहाराजांच्या साक्षीने घेतलेला तो नियम त्यांनी पन्नास वर्षांहून अधिक काळ पाळला होता. पाणीसुद्धा नाही, असा चारही आहारांचा त्याग. त्यामुळे सहलीत संध्याकाळ आली की अक्का खोलीवर आणि बाकीचे बाहेर, ही घराची रीतच पडून गेली होती. या वेळी मात्र सूनबाईंनी कागद हाती घेतला आणि त्या मुकाट्याने त्याकडे पाहत राहिल्या.

त्यांना दोन वर्षांपूर्वीची सहल आठवली. उत्तरेकडील एका शहरात किल्ल्यावरचा प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम पाहायला सगळे गेले होते. डिसेंबरचे दिवस होते. अक्कांसाठी पुरी-भाजीचे पुडके खोलीवर पोहोचते करायला साडेसहा वाजले. सूर्य केव्हाच मावळला होता. अक्कांनी पुडके उशाशी ठेवले. रात्री दहाला सगळे परतले, तेव्हा ते तसेच होते. “भूकच नव्हती,” असे त्यांनी सांगितले आणि सर्वांनी ते खरे मानले. खरी गोष्ट पुढे महिन्याभराने, डॉक्टरांच्या समोर कळली. अक्कांना मधुमेह होता. संध्याकाळच्या जेवणाआधीची गोळी त्यांनी त्या दिवशी सवयीने घेतली होती आणि त्यानंतर जेवण आलेच नव्हते. रात्री त्यांना घाम सुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी कोणालाही न उठवता णमोकार मंत्र म्हणत पहाट केली. “जागं करून सगळ्यांची सहल कशाला मोडायची?” एवढेच त्या डॉक्टरांना म्हणाल्या. डॉक्टर मात्र गंभीरपणे म्हणाले होते की, गोळी घेऊन उपाशी राहणे हा थेट जिवाशी खेळ आहे.

“अक्का, तुम्ही उद्या खोलीवर थांबायचं नाही,” सूनबाई म्हणाल्या. “तुम्ही दिवसाउजेडी जेवायचं आणि मग आमच्याबरोबर दिवे बघायचे. हा कागद पुन्हा लिहू या.”

रात्रिभोजनत्याग ही केवळ वृद्धांची सवय नव्हे. दोन्ही परंपरांत तिला मानाचे स्थान आहे. दशवैकालिक सूत्रात साधूंच्या पाच महाव्रतांपाठोपाठ रात्रिभोजनविरमण हे सहावे व्रत सांगितले आहे. आचार्य समंतभद्रांनी श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगितल्या, त्यांतही रात्रिभोजनाचा त्याग सहाव्या स्थानी येतो. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात या आचाराचा अहिंसेशी असलेला संबंध उलगडून दाखवला आहे. दिवा लावून जेवले तर काय बिघडले, या शंकेचाही त्यांनी विचार केला आहे. सूर्यप्रकाशाअभावी अन्नातील सूक्ष्म जीव दिसत नाहीत आणि दिव्यानेही त्यांची हिंसा टळत नाही, असा त्यांचा आशय आहे. म्हणूनच रात्री लख्ख प्रकाशात मांडलेले ताटही व्रतस्थाला चालत नाही. हे समजून न घेता “एवढे दिवे आहेत, जेवायला काय हरकत आहे?” असे सहज विचारले जाते. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण व्रती मनुष्य त्या प्रश्नाने अधिकच संकोचतो आणि “भूक नाही” असे म्हणून मोकळा होतो.

खोलीवर थांबणाऱ्या माणसाच्या त्या दोन शब्दांवर कुटुंबाने सहज विश्वास ठेवू नये. व्रत त्या एका व्यक्तीचे असते, हे खरे. परंतु त्या दिवसाचे घड्याळ सगळ्या कुटुंबाच्या हाती असते. गाडी किती वाजता निघेल, बाजारात किती वेळ जाईल, जेवण कोठे आणि केव्हा होईल, हे व्रती ठरवत नाही. मग त्याने वेळेवर जेवावे, याची जबाबदारी एकट्या त्याच्यावर कशी टाकता येईल?

त्या रात्री नव्या कागदावर पहिली ओळ लिहिली गेली ती सूर्यास्ताची. अक्कांच्या पिशवीत घरच्या दिनदर्शिकेचे मे महिन्याचे पान घडी करून ठेवलेले होते. त्यावर त्या दिवशीचा सूर्यास्त सात वाजून पाच मिनिटांचा दिला होता. अक्का सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधी आहार आटोपत. त्या हिशेबाने सव्वासहापर्यंत सवड होती. नातू मोबाइल पाहत होता. तो म्हणाला, “आज्जी, हे चुकीचं आहे. म्हैसूरला उद्या सहा चाळीसलाच सूर्य मावळतोय.”

आरंभी कोणाला ते पटेना. पण मुलगा बरोबर होता. मराठी दिनदर्शिकांत पुष्कळदा मुंबईचा सूर्यास्त छापलेला असतो. म्हैसूर मुंबईच्या पूर्वेला आहे, त्यामुळे तेथे सूर्य आधी मावळतो. शिवाय ते बरेच दक्षिणेला आहे, म्हणून उन्हाळ्यातील दिवस तेथे मुंबईइतका लांबत नाही. ही दोन्ही कारणे मे-जूनमध्ये एकत्र येतात आणि दोन्ही ठिकाणच्या सूर्यास्तांत सुमारे २५ मिनिटांचे अंतर पडते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र दक्षिणेकडचा दिवस मुंबईच्या दिवसापेक्षा मोठा असल्याने ही कारणे एकमेकांना छेदतात आणि दोन्हीकडे सूर्य सहानंतर पाचेक मिनिटांत मावळतो. हिवाळ्यात घरच्या दिनदर्शिकेवर भागलेले काम उन्हाळ्यात फसते ते यामुळे. अक्कांनी ते पान पुन्हा घडी करून ठेवले आणि म्हणाल्या, “म्हणजे सहाच्या आत आटपायला पाहिजे.”

पूर्वेकडील यात्रेत ही गोष्ट याहून महत्त्वाची ठरते. सम्मेदशिखरजीला निघालेली अनेक कुटुंबे वाटेत कोलकाता पाहतात. तेथे डिसेंबरच्या आरंभी सूर्य पाच वाजण्यापूर्वीच मावळतो, म्हणजे दोन घटिकांचा नियम पाळणाऱ्याचे जेवण चारच्या सुमारास आटोपले पाहिजे. भगवान पार्श्वनाथांचे जन्मस्थान असलेल्या वाराणसीत त्याच दिवसांत सूर्यास्त सव्वापाचच्या आत होतो, आणि गंगेची आरती पाहायची तर घाटावर जागा धरण्यासाठी त्याआधीपासूनच बसावे लागते. अशा ठिकाणी संध्याकाळचे जेवण म्हणजे खरे तर दुपारचे दुसरे जेवण असते. सकाळचे जेवण अकराच्या आत झाले तरच त्या वेळी भूक लागते. पहिले जेवण दोनला आणि दुसरे चारला, असा दिवस आखला तर व्रतीच्या पदरी पुन्हा उपासच येतो.

सूर्यास्त निश्चित झाल्यावर बाकीच्या ओळी उलट क्रमाने, शेवटाकडून आरंभाकडे लिहिल्या गेल्या. रोषणाई सातला. दर रविवारी आणि सार्वजनिक सुटीच्या दिवशी सुमारे पाऊण तास राजवाडा उजळतो. वेळ बदललेली नाही ना, हे सकाळी विचारून घ्यायचे ठरले. त्यासाठी पावणेसातला फाटकाशी पोहोचायला हवे. त्याआधी पावणेसहाला जेवण संपायला हवे, म्हणजे सव्वापाचला पाने मांडली गेली पाहिजेत. राजवाडा आतून पाहायची वेळ सकाळी दहापासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत असते. तेव्हा तो चारला पाहण्याऐवजी सकाळी उघडताच पाहावा. चामुंडीची टेकडी सोमवारी परतण्यापूर्वी करावी. बाजार राहिला तर राहिला.

मग प्रश्न उरला तो जागेचा आणि अन्नाचा. जावयांनी सुचवले की, पाच वाजता एखाद्या शाकाहारी हॉटेलात बसावे. कर्नाटकात शाकाहारी हॉटेलांची वाण नाही. पण तेथील क्रम असा की, पानावरचे जेवण साधारण बारा ते तीन आणि रात्रीचे सातनंतर. मधल्या वेळात मिळतो तो ‘टिफिन’, म्हणजे इडली, दोसा, वडा. मसाला दोशात बटाटा आणि कांदा, सांबारात कांदा. इडली-दोशाचे पीठ तर आंबवलेले, आणि अक्का ते घेत नसत. कांद्या-बटाट्याविना काही मागितले तर बहुतेक ठिकाणी आनंदाने करून देतात, पण रविवारच्या गर्दीत ते ताटात येईपर्यंत किती वेळ जाईल, हे सांगता येत नाही. घड्याळाकडे पाहत, वाढप्याला पुन्हा पुन्हा हाक मारत घेतलेले जेवण अंगी लागत नाही. बरोबर शिदोरी घ्यावी आणि मोकळ्यावर बसावे, असेच शेवटी ठरले.

जागा अक्कांनीच सुचवली. म्हैसूरच्या पश्चिमेला, हुणसूरच्या बाजूस सुमारे २० किलोमीटरवर गोम्मटगिरी आहे. मोठ्या शिलाखंडावर उभी असलेली तेथील बाहुबलींची मूर्ती सुमारे १८ फुटांची आहे. श्रवणबेळगोळची गर्दी तेथे नसते. अक्कांनी या स्थानाविषयी माहेरी ऐकले होते, पण ते पाहणे कधी घडले नव्हते. दर्शन होईल, पायथ्याशी सावलीत जेवण होईल आणि तेथून नीट राजवाड्याकडे जाता येईल, असा तिहेरी योग जुळून आला.

शिदोरीचे कामही अक्कांनीच अंगावर घेतले. त्यांचे माहेर चिकोडीकडचे, त्यामुळे कन्नड त्यांना मायबोलीसारखीच. रविवारी पहाटे त्या सूनबाईंना घेऊन भोजनशाळेत गेल्या. घरून निघताना दळून आणलेले गव्हाचे पीठ बरोबर होते. दळल्याला तीन दिवस झाले होते. पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवसांची मानतात, तेव्हा ते वापरण्याजोगे होते. स्वयंपाकघरातील बाईंशी अक्का अर्धा तास बोलत होत्या. काय बोलणे झाले ते सूनबाईंना फारसे कळले नाही. पण त्या बाईंनी हसत शेगडी मोकळी करून दिली आणि शेवटी पैसे घ्यायलाही तयार होईनात. अक्कांनी ते आग्रहाने भोजनशाळेच्या दानपेटीत टाकले.

तिखट-मिठाच्या पुऱ्या, सुकी मुगाची उसळ, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, घरून आणलेले भडंग आणि मुलांसाठी शेंगदाण्याचे लाडू. ओले, पातळ असे काही घेतले नाही. मेच्या उन्हात गाडीत आठ-दहा तास राहणार असल्याने दही, ओल्या नारळाची चटणी आणि भात हे तीन पदार्थ मुद्दाम टाळले. उसळीसुद्धा कोरडी परतून, पूर्ण निवल्यावरच डब्यात भरली, कारण गरम अन्नावर झाकण घातले की आत पाणी सुटते आणि ते लवकर विटते. केळी म्हैसुरात घ्यायची होती. नंजनगूडचे रसबाळे केळे त्या भागाची ओळखच आहे. पाणी उकळून, निववून दोन मोठ्या बाटल्यांत भरले. नुसते गाळलेले पाणी दोन घटिका चालते, उकळलेले आठ प्रहर टिकते, म्हणून प्रवासात उकळलेलेच सोयीचे.

गोळीचा प्रश्न सूनबाईंनी यात्रेला निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवला होता. प्रवासात अक्कांचे दुसरे जेवण पाच-साडेपाचला होईल, तर गोळी केव्हा घ्यायची आणि रात्रभराच्या लंघनासाठी मात्रा बदलायची का? डॉक्टरांनी वेळ आणि मात्रा लिहून दिली होती, आणि ताट समोर आल्यावाचून गोळी तोंडात घालायची नाही, असे खाली अधोरेखित केले होते. हा सल्ला प्रत्येकाचा वेगळा असतो. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला चालत नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या व्रतीने प्रवासापूर्वी आपल्या डॉक्टरांना नियम उघडपणे सांगावा. तो लपवण्याजोगा नाही.

आणि इतके करूनही प्रकृती बिघडलीच तर? चौविहाराच्या पच्चक्खाणात ‘सर्वसमाधी’चा आगार ठेवलेला आहे. तीव्र व्याधीने चित्ताची समाधी ढळू लागली, तर औषध घेण्यास वाव राहावा, म्हणून पूर्वाचार्यांनीच ही मोकळीक सूत्रात घातली. दिगंबर परंपरेतही अशा प्रसंगी उपचार करून पुढे गुरूंपाशी आलोचना करून प्रायश्चित्त घेता येते. साखर उतरून हात थरथरत असताना कोणालाही न उठवता पडून राहणे, हे नियमाने मागितलेले नव्हते. ते अक्कांच्या भिडस्तपणाने मागितले होते.

रविवारी सगळे कागदाप्रमाणे सुरू झाले. सातला गाडी निघाली. सुमारे ८५ किलोमीटरचा रस्ता दोन तासांत संपला आणि दहाला राजवाडा उघडला, तेव्हा कुटुंब दारात होते. जुना लाकडी राजवाडा १८९७ मध्ये जळाल्यावर हेन्री अर्विन यांच्या आराखड्यानुसार बांधलेली ही वास्तू १९१२ मध्ये पूर्ण झाली. रंगीत काचांचा कल्याणमंडप पाहताना नातीची मान दुखेपर्यंत वर झाली होती. बाराच्या सुमारास केळीच्या पानावरचे जेवण झाले. अक्कांनी तेथे कांदा नको म्हणून आपल्याकडच्या कन्नडात ‘उळ्ळागड्डी’ वगळायला सांगितले. वाढपी क्षणभर थांबला, मग हसून म्हणाला की, इकडे तिला ‘ईरुळ्ळी’ म्हणतात. दुपारी दोन तास खोलीवर विश्रांती झाली. त्या वेळात अक्का थोड्या थोड्या वेळाने पाणी पीत राहिल्या. संध्याकाळनंतर पाणी नाही, तर दिवसा ते पुरेसे पोटात गेले पाहिजे, हे मेच्या दिवसांत विसरून चालत नाही.

साडेतीनला गाडी गोम्मटगिरीकडे निघाली आणि आभाळ भरून आले. दक्षिणेत वळवाच्या पावसाचेच हे दिवस. चारला टपोरे थेंब सुरू झाले आणि पाहता पाहता रस्ता दिसेनासा झाला. चालकाने गाडी कडेला घेतली. पावणेपाच वाजले तरी पाऊस थांबेना. काळोख इतका दाटला की, समोरून येणाऱ्या गाड्यांनी दिवे लावले. लेक म्हणाली, “अक्का, मावळला वाटतं दिवस. आता काय करायचं?” अक्कांनीही बाहेर पाहिले. घरी त्या अंगणातील उजेडावरून वेळ ओळखत. येथे त्या खुणेचा उपयोग नव्हता. तेव्हा नातवाने कागद पुढे केला. “आज्जी, सहा चाळीस. ढग आले म्हणून सूर्य लवकर मावळत नाही. अजून तासभर आहे.”

पाच वाजता पाऊस ओसरला. पायथ्याशी पोहोचेपर्यंत पाच वाजून दहा मिनिटे झाली. आधी दर्शन की आधी जेवण? पायऱ्या ओल्या होत्या. घाईने चढणे धोक्याचे होते. अक्का म्हणाल्या, “देव कुठं जात नाहीत. आधी पोटाचं बघू.” झाडाखालची जमीन चिखलाची झाल्याने मंदिराच्या आवाराबाहेर गाडीचेच दार उघडे ठेवून आसने मांडली. ताट समोर आले, गोळी घेतली गेली आणि अक्का जेवल्या. चालकालाही बोलावून घेतले. तो संकोचला, तेव्हा अक्कांनी त्याच्या हातावर चार पुऱ्या ठेवल्या आणि कन्नडात काही म्हटले. तोही हसून बसला. नातवाने त्या दिवशी स्वतःहून आज्जीबरोबर नियम करण्याचे ठरवले. त्याला कोणी सांगितले नव्हते.

पाच चाळीसला अक्कांनी चूळ भरली, हात जोडले आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत चारही आहारांचा त्याग केला. मग जावयाचा हात धरून त्या जेवढ्या जमल्या तेवढ्या पायऱ्या चढल्या. पावसाने धुतलेली मूर्ती खालून स्पष्ट दिसत होती. त्या मध्येच थांबल्या, तेथूनच त्यांनी नमस्कार केला आणि उतरल्या. सहाला गाडी निघाली. सहा चाळीसला ती शहरात शिरत होती. पश्चिमेला ढगांच्या फटीतून क्षणभर तांबूस उजेड दिसला आणि गेला.

सातला सुमारे एक लाख दिवे एकाच क्षणी उजळले. जमलेल्या लोकांच्या तोंडून एक मोठा उद्गार निघाला. कमानी, घुमट, सज्जे, प्रत्येक रेष सोनेरी झाली. नातीने अक्कांचा पदर ओढून विचारले, “आज्जी, तू दिवे कधीच का बघत नाहीस?” अक्का म्हणाल्या, “बघतेय की.” दगडी कठड्यावर बसून त्या पाऊण तास पाहत होत्या. दिवे मालवले, तेव्हाही त्या लगेच उठल्या नाहीत.

परतताना नातीला पुन्हा भूक लागली. तिच्या बापाने अडखळत आईकडे पाहिले. अक्का म्हणाल्या, “लहान आहे ती. तिनं नियम घेतलेला नाही. खाऊ दे.” एका हॉटेलापुढे गाडी थांबली, नातीने साधा दोसा खाल्ला आणि नातवाने तिच्याशेजारी बसून काहीही घेतले नाही. अक्कांनी त्याचे कौतुक केले नाही आणि तिला बोलही लावला नाही. व्रतीने आपला नियम दुसऱ्यावर लादू नये आणि दुसऱ्याने तो व्रतीला एकट्याने वाहायला लावू नये, ही दोन्ही पथ्ये त्या टेबलापाशी पाळली गेली.

उन्हाळी सुट्टीत पुष्कळ कुटुंबे यात्रेला आणि सहलीला निघतील. दीपोत्सव, आरती, कारंजी, प्रकाश-ध्वनीचे कार्यक्रम हे सारे सूर्यास्तानंतरच असते, आणि ते पाहण्यास नियमाची आडकाठी नाही. निघण्याच्या आदल्या रात्री कार्यक्रमाच्या कागदावर त्या गावाचा, त्या तारखेचा सूर्यास्त सर्वांत आधी लिहावा. त्यातून दोन घटिका वजा कराव्यात, त्याआधी अर्धा-पाऊण तास जेवणासाठी राखावा आणि बाकीचा दिवस त्याभोवती बसवावा. डबा सकाळीच भरावा. पाऊस, वाहतूक, बंद दार यांसाठी थोडी सवड ठेवावी. आणि घरातील वडीलधारे माणूस “मी खोलीवर थांबते” असे म्हणाले, तर होकार देण्यापूर्वी ते जेवणार केव्हा आणि काय, हे एकदा विचारावे.

अक्कांच्या पिशवीत आता दोन कागद असतात, एक घरच्या दिनदर्शिकेचे पान आणि दुसरा नातवाच्या अक्षरातला. पुढच्या यात्रेची गावे आणि त्यांचे सूर्यास्त त्यावर त्याने आताच लिहून ठेवले आहेत.